‘स्कॅटर’ हे क्रियापद नेमके कसे वापरावे

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘स्कॅटर’ या क्रियापदासमोर बहुधा ‘विखुरणे, पसरणे, उधळणे, पांगणे’ असे चार-पाच शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेले असतात. विद्यार्थी त्यातला जवळचा वाटेल तो शब्द उचलतो आणि बऱ्याचदा तो चालूनही जातो, कारण इंग्रजीतून मराठीत येताना वाक्याचा संदर्भ आपल्याला सावरून घेतो. खरी अडचण उलट दिशेने जाताना होते. ‘त्याने बापाची सगळी कमाई उधळली’ या वाक्याचे इंग्रजी करताना शब्दकोशावर भिस्त ठेवून कोणी ‘स्कॅटर’ वापरले, तर इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे व्यसनी मुलगा उभा राहत नाही; खोलीभर नोटा फेकत फिरणारा माणूस उभा राहतो. मी अनेक वर्षे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी लेखन शिकवत आहे आणि हा शब्द मला पुन्हा पुन्हा थांबून समजावावा लागतो. तो सोपा आहे, रोजच्या वापरातला आहे, आणि मराठीत त्याच्या वाट्याचे काम निदान आठ-दहा क्रियापदांनी आपसात वाटून घेतलेले आहे. म्हणून तो शिकण्याचा चांगला मार्ग म्हणजे पर्यायी शब्द पाठ न करता त्यामागची क्रिया डोळ्यांपुढे आणणे.

त्यासाठी गळ्यातली पोत तुटते तो क्षण आठवून पाहावा. दोरा तुटला की काही मणी पदरात अडकतात, काही पायाशी टपटपतात, दोन-चार घरंगळत कपाटाखाली जातात आणि एखादा थेट उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. घरातली सगळी माणसे लगेच गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागतात, आणि तरीही आठवड्याने केर काढताना एक मणी सापडतोच. ‘स्कॅटर’ या शब्दाचा पूर्ण अर्थ या एका दृश्यात आहे. वस्तू एक नाही, अनेक आहेत आणि त्या सुट्या आहेत. त्या क्षणभरापूर्वी एकत्र होत्या. त्या निरनिराळ्या दिशांना गेल्या आणि जाताना त्यांनी कोणताही क्रम पाळला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या जिथे पडल्या तिथे एकीच्या आणि दुसरीच्या मध्ये रिकामी जमीन दिसते.

ही रिकामी जमीन विसरू नये. पोळीवर तूप पसरले, गादीवर चादर पसरली, गावात साथ पसरली, या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत ‘स्प्रेड’ येते, कारण पसरलेली गोष्ट सलग असते किंवा सलग होत जाते. जिथे मध्ये खंड आहे तिथे ‘स्कॅटर’ येते. टेबलावर वर्तमानपत्र उघडून ठेवले तर ते ‘स्प्रेड’ झाले. त्याच वर्तमानपत्राची पाने वाऱ्याने उडून खोलीभर झाली तर ती ‘स्कॅटर’ झाली. पाणी, दूध, तेल असे द्रवपदार्थ याच कारणाने ‘स्कॅटर’ होत नाहीत. ते सांडले तर ‘स्पिल’ आणि शिंपडले तर ‘स्प्रिंकल’.

याला अगदी लागून असलेला आणि म्हणूनच घोटाळा करणारा शब्द म्हणजे ‘शॅटर’. भाषेचे अभ्यासक या दोन्हींना एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे मानतात; ‘स्कर्ट’ आणि ‘शर्ट’ या जोडीतही ‘स्क’ आणि ‘श’ असाच फरक आहे आणि तेही मुळात एकच. आज मात्र दोघांची कामे वेगळी आहेत. हातातून काचेचा पेला निसटून फरशीवर आपटला की आधी तो ‘शॅटर’ होतो, म्हणजे त्याचे तुकडे होतात, आणि नंतर ते तुकडे ‘स्कॅटर’ होतात, म्हणजे ओट्याखाली, दारामागे, फ्रिजच्या पायाशी जातात. फुटण्याला ‘शॅटर’ आणि फुटल्यानंतर दूर जाण्याला ‘स्कॅटर’, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मणी विखुरले तेव्हा एकही मणी फुटला नव्हता, त्यामुळे तिथे ‘शॅटर’ म्हणता येणार नाही.

आता वाक्यातल्या वापराकडे वळू. हे क्रियापद कर्मासह आणि कर्माशिवाय अशा दोन्ही प्रकारे, रूप न बदलता चालते. ‘द पिजन्स स्कॅटर्ड’ म्हणजे कबुतरे पांगली, आणि ‘द डॉग स्कॅटर्ड द पिजन्स’ म्हणजे कुत्र्याने कबुतरे पांगवली. मराठीत ‘पांगणे’ आणि ‘पांगवणे’ असे दोन शब्द असल्यामुळे आपण इंग्रजीतही दुसरे रूप शोधत राहतो आणि मग ‘द डॉग मेड द पिजन्स टु स्कॅटर’ असे लांबलचक व चुकीचे वाक्य तयार होते. तिथे ‘मेड’ची गरजच नाही. उलट कबुतरे आपणहून पांगली असतील तर ‘वेअर स्कॅटर्ड’ असे लिहू नये, कारण त्यातून त्यांना कोणीतरी पांगवले, किंवा ती आधीपासूनच इकडे-तिकडे बसलेली होती, असा अर्थ निघतो.

भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित, दोन्ही ‘स्कॅटर्ड’. चालू क्रिया ‘स्कॅटरिंग’. लिहिताना ‘टी’ हे अक्षर दोनदा येते आणि शेवटचे ‘आर’ मात्र ‘स्कॅटरिंग’मध्येही एकदाच राहते. शब्दावरचा आघात पहिल्या अक्षरावर असतो, आणि आघात शेवटी नसला की शेवटचे व्यंजन दुप्पट होत नाही, हा नियम इथे लागू होतो. ब्रिटिश उच्चारात शेवटचा ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही, आणि अमेरिकी उच्चारात मधला ‘ट’ इतका हलका होतो की आपल्या कानाला तो ‘स्कॅडर’ वाटतो; चित्रपट पाहताना किंवा परदेशी सहकाऱ्याशी बोलताना एवढी जाण असावी. आपण स्वतः ‘स्कॅटर’ असा सरळ उच्चार केला तरी कोणाचाही गैरसमज होत नाही.

याच्यासोबत कोणते शब्दयोगी जोडायचे, हा भाग जरा सावकाश पाहू, कारण मराठी वळण इथे सर्वाधिक आड येते. आपण ‘अंगणात फुले विखुरली होती’ असे सप्तमीचा ‘त’ लावून म्हणतो आणि मग इंग्रजीत सरसकट ‘इन’ घालतो. पृष्ठभागावर विखुरलेल्या वस्तूंसाठी इंग्रजीत ‘ओव्हर’, ‘अक्रॉस’ किंवा ‘ऑन’ शोभते: ‘टॉइज वेअर स्कॅटर्ड ओव्हर द फ्लोअर’. मला एक खूण फार उपयोगी वाटते. मराठी वाक्यात ‘भर’ हा प्रत्यय सहज बसत असेल, म्हणजे घरभर, अंगणभर, गावभर, जगभर, तर इंग्रजीत ‘ऑल ओव्हर’ किंवा ‘अक्रॉस’ बेलाशक घालावे. ‘पुस्तके घरभर विखुरली आहेत’ म्हणजे ‘द बुक्स आर स्कॅटर्ड ऑल ओव्हर द हाउस’. वस्तू दुसऱ्या वस्तूंच्या मध्ये-मध्ये असतील तर ‘अमंग’ येते, उदाहरणार्थ तांदळात मिसळलेले खडे किंवा झाडीत लपलेली घरे. ‘स्कॅटर्ड हिअर अँड देअर’ असे लिहिण्याची मात्र गरज नसते. मराठीत ‘इकडे-तिकडे विखुरलेले’ हे कानाला गोड लागते. इंग्रजीत विखुरण्यात इकडे-तिकडे आलेलेच असते.

दुसरी एक रचना अशी आहे की तिच्यात जागा आणि वस्तू आपापले स्थान बदलतात. ‘शी स्कॅटर्ड मेथी सीड्स ओव्हर द बेड’ असेही म्हणतात आणि ‘शी स्कॅटर्ड द बेड विथ मेथी सीड्स’ असेही म्हणतात. इथे ‘बेड’ म्हणजे वाफा. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण त्यांच्या अर्थात सूक्ष्म फरक आहे. पहिल्या वाक्यात लक्ष बियांवर आहे. मूठभर बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात टाकले असले तरी ते खरे ठरते. दुसऱ्या वाक्यात लक्ष वाफ्यावर आहे आणि त्यातून सगळा वाफा बियांनी भरला असे सूचित होते. ज्याला आपल्या लेखनात नेमकेपणा हवा आहे त्याने हा फरक मुद्दाम वापरावा.

वाफ्याचा विषय निघालाच आहे, तर ‘स्कॅटर’ ही क्रिया हाताने कशी होते ते तिथेच पाहता येते. मेथी किंवा कोथिंबीर लावताना आपल्याकडे बी फोकून पेरतात. धने आधी हलकेच रगडून दोन डाळ्या सुट्या करतात, मग मुठीत घेऊन मनगटाच्या झटक्याने वाफ्यावर टाकतात. बोटे एकदम उघडली तर ढीग पडतो आणि हळूहळू, चालता-चालता उघडली तर दाणे सुटे-सुटे पडतात. राजगिऱ्यासारखे बी फारच बारीक असल्यामुळे ते कोरड्या वाळूत मिसळून फोकतात, म्हणजे एका जागी दाटी होत नाही. इंग्रजी ‘स्कॅटर सीड’ म्हणजे नेमके हेच, आणि त्याच क्रियेचा शेतीतला जुना शब्द ‘ब्रॉडकास्ट’ असा आहे. रेडिओ आल्यावर हा पेरणीचा शब्द रेडिओवरच्या प्रक्षेपणासाठी उचलला गेला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले तेव्हा कंपनीच्या नावातला मधला शब्द मूळचा वावरातला होता, हे मुलांना सांगितले की ‘स्कॅटर’ही त्यांच्या कायमचा लक्षात राहतो. तिफणीने ओळीत पेरलेल्या ज्वारीला मात्र ‘स्कॅटर’ म्हणता येणार नाही, कारण तिथे क्रम आहे, अंतर ठरलेले आहे.

आता मराठी क्रियापदे एकेक घेऊन कोणत्या जागी ‘स्कॅटर’ बसते आणि कोणत्या जागी बसत नाही ते तपासू. ‘भुरभुरणे’ला बहुधा ‘स्प्रिंकल’ हवे. उपम्यावर ओले खोबरे, श्रीखंडावर केशर, पोह्यांवर कोथिंबीर, ही सगळी ‘स्प्रिंकल’ची कामे, कारण पदार्थ थोडा असतो, बारीक असतो आणि बोटांतून हलकेच सुटतो. इंग्रजी पाककृतींत ‘स्कॅटर’ येते ते तुकडे जरा मोठे असतील तेव्हा, म्हणजे बदामाचे काप, डाळिंबाचे दाणे, पुदिन्याची अख्खी पाने. पाककृतीत ‘स्कॅटर’ लिहिले असेल तर समान थर देण्याचा खटाटोप करू नये. मध्ये मोकळी जागा राहावी अशीच लिहिणाऱ्याची अपेक्षा असते.

‘उधळणे’ हा शब्द मराठीत फार मोठा संसार सांभाळतो आणि त्यातला थोडासाच भाग ‘स्कॅटर’च्या वाट्याला येतो. पैसा उधळणे म्हणजे ‘स्क्वॉन्डर’. घोडा उधळला तर ‘बोल्ट’. सभा उधळली तर ‘ब्रेक अप’ किंवा ‘डिसरप्ट’. जेजुरीच्या गडावर भंडारा उधळतात, निवडणुकीच्या विजयानंतर गुलाल उधळतात. इथे ‘स्कॅटर’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण मुठीतून वर आकाशाकडे जाणारी ती उसळी त्यात येत नाही, कारण ‘स्कॅटर’ची नजर वस्तू कुठे पडल्या याकडे असते. भंडाऱ्यासाठी मी ‘थ्रो हँडफुल्स ऑफ टर्मरिक इन्टू द एअर’ असे लिहायला सांगतो. पायऱ्यांवर नंतर दिसणाऱ्या खोबऱ्याच्या तुकड्यांसाठी मात्र ‘स्कॅटर्ड’ अगदी योग्य. विवाहातल्या अक्षतांचेही तसेच आहे: अक्षता वधूवरांवर ‘थ्रो’ किंवा ‘शॉवर’ होतात, आणि मंगलाष्टके संपल्यावर गालिच्यावर दिसणारे तांदूळ ‘स्कॅटर्ड’ असतात.

‘विस्कटणे’ आणि ‘विस्कळीत होणे’ हे शब्द दिसायला जवळचे, पण काम वेगळे. केस विस्कटले, कपड्याची घडी विस्कटली, यात वस्तू एकमेकींपासून दूर गेलेल्या नसतात, फक्त त्यांची रचना मोडलेली असते, त्यामुळे ‘मेस्ड अप’ किंवा ‘रंपल्ड’ असे काहीतरी हवे. पावसाने लोकल गाड्यांची वाहतूक विस्कळीत झाली या बातमीत तर ‘स्कॅटर’चा संबंधच नाही, तिथे ‘डिसरप्टेड’ आहे.

‘पांगणे’ हा मात्र ‘स्कॅटर’चा सख्खा भाऊ. पावसाची सर आली आणि मैदानातली मुले पांगली, वाघाची चाहूल लागली आणि चितळांचा कळप पांगला, या वाक्यांत ‘स्कॅटर’ जसे बसते तसे दुसरे काही बसत नाही, कारण भीती किंवा घाई आहे आणि जो तो सुचेल त्या दिशेला धावतो आहे. याच जागी ‘डिस्पर्स’ घातले तर चित्र शांत होते. व्याख्यान संपले आणि श्रोते बोलत-बोलत आपापल्या घरी गेले, तर ते ‘डिस्पर्स्ड’. सरकारी आणि कायद्याच्या भाषेतही हाच शब्द आहे. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देताना फौजदारी प्रक्रिया संहितेने ‘डिस्पर्स’ हेच क्रियापद वापरले होते. म्हणून पोलिसांच्या हुकमासाठी ‘डिस्पर्स’ आणि त्यानंतर लाठ्या उगारल्यावर उडालेल्या पळापळीसाठी ‘स्कॅटर’, अशी दोन्ही क्रियापदे एकाच बातमीत शेजारी-शेजारी येऊ शकतात आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक असतात. सैन्याची दाणादाण उडाली यासाठीही ‘स्कॅटर’ चालते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचा पराभव झाला, हे सांगायला ‘रूट’ किंवा ‘डिफीट’ लागेल. पण त्यातून वाचलेली माणसे वाट फुटेल तिकडे गेली, हे सांगायला ‘द सर्व्हायव्हर्स स्कॅटर्ड’ एवढे दोन-तीन शब्द पुरतात.

रक्षा आणि अस्थी यांच्याबाबत लिहिताना हा शब्द जपून वापरावा. नदीत किंवा समुद्रात अस्थिविसर्जन केले तर भारतीय इंग्रजीत ‘इमर्स’ हा शब्द रूढ आहे आणि तो आपल्या विधीला धरून आहे. ‘स्कॅटर’ म्हटले की रक्षा वाऱ्यावर किंवा जमिनीवर विखरून टाकली असे चित्र होते. या दोन क्रियांतला फरक पंडित नेहरूंच्या १९५४ सालच्या मृत्युपत्रात फार स्पष्ट दिसतो. आपल्या रक्षेतली मूठभर अलाहाबादला गंगेत टाकावी असे सांगताना त्यांनी ‘थ्रो’ हे क्रियापद वापरले, आणि उरलेली बहुतेक रक्षा विमानातून शेतकरी राबतात त्या शेतांवर विखुरावी असे सांगताना ‘स्कॅटर’. एका जागी, एका ओंजळीत सोडायची ती ‘थ्रो’. देशभरच्या मातीत मिसळायची ती ‘स्कॅटर’. उत्तम लेखक पर्यायी शब्दांतून निवड कशी करतो याचे याहून चांगले उदाहरण मी वर्गात दुसरे देत नाही.

‘स्कॅटर्ड’ हे विशेषण म्हणून वापरले की हवामानाचा अंदाज हमखास आठवतो, आणि तिथेच एक चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. ‘स्कॅटर्ड रेनफॉल’चे भाषांतर सर्रास ‘तुरळक पाऊस’ असे केले जाते. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत पावसाच्या विस्ताराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्या विभागातल्या किती टक्के केंद्रांवर पाऊस पडतो यावरून त्या मोजतात. २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० टक्के असेल तर ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ टक्के असेल तर ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि त्यापुढे ‘वाइडस्प्रेड’. मराठी अंदाजांत यांच्यासाठी अनुक्रमे ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ असे शब्द येतात. म्हणजे एखाद्या विभागात पर्जन्यमापनाची वीस केंद्रे असतील तर ‘तुरळक’ म्हणजे फार तर पाच आणि ‘स्कॅटर्ड’ म्हणजे सहा ते दहा. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला पाच आणि दहा यांतला फरक लहान नसतो, म्हणून भाषांतरकाराने तो पुसून टाकू नये. शिवाय या पायऱ्या पावसाचे प्रमाण सांगत नाहीत, ठिकाणे सांगतात. ‘काही ठिकाणी’ पडणारा पाऊस त्या काही ठिकाणी मुसळधारही असू शकतो. हवामानाच्या बाहेर मात्र ‘तुरळक’ चालते. भाषणानंतर ‘स्कॅटर्ड अप्लॉज’ झाला म्हणजे तुरळक टाळ्या पडल्या.

वस्तीच्या वर्णनातही हे विशेषण उपयोगी पडते. देशावरचे गाव बहुधा पांढरीत एकवटलेले असते आणि चहूबाजूंनी शेते; कोकणातले गाव वाड्यावाड्यांत वाटलेले, एक घर डोंगराच्या उतारावर, दुसरे ओढ्यापलीकडे, मध्ये कलमांची बाग. दुसऱ्या प्रकाराला ‘अ व्हिलेज ऑफ स्कॅटर्ड हाउसेस’ म्हणणे रास्त आहे. माणसांबद्दल मात्र थोडा विचार करून लिहावे. ‘मराठी माणसे जगभर पसरली आहेत’ यात विस्ताराचा आनंद आहे, आणि ‘अवर फॅमिली इज स्कॅटर्ड अक्रॉस थ्री कंट्रीज’ यात एकत्र नसल्याची रुखरुख आहे. एक भाऊ पुण्यात, एक मस्कतला आणि बहीण टोरांटोत असेल तर दोन्ही वाक्ये खरी असतात. आपल्याला त्यातले काय म्हणायचे आहे ते आधी ठरवावे.

विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्कॅटरिंग’ला मराठीत ‘विकिरण’ म्हणतात. इथे हिंदीतून वाचणाऱ्यांनी सावध राहावे, कारण हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे ‘रेडिएशन’, ज्याला आपण ‘प्रारण’ म्हणतो, आणि ‘स्कॅटरिंग’ला हिंदी शब्द ‘प्रकीर्णन’ आहे. हवेतल्या रेणूंवर आदळून सूर्यप्रकाश सर्व दिशांना फेकला जातो आणि तरंगलांबी जितकी कमी तितके हे फेकले जाणे जास्त. रॅले यांच्या नियमाप्रमाणे ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून ४०० नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा नऊ पटींहून अधिक विखुरतो. आकाश निळे दिसण्यामागे मुख्य कारण हेच आहे. ते जांभळे दिसत नाही, कारण जांभळा प्रकाश मुळात सूर्याकडूनच कमी येतो आणि आपला डोळाही त्याला तितकासा जागरूक नसतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी लावलेला शोधही प्रकाशाच्या विकिरणाचाच होता, ज्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकशास्त्रातला हा अर्थ मूळ अर्थापासून दूर गेलेला नाही: किरण एकत्र येत होते, वाटेत आदळले, आणि दिशा-दिशांना गेले. प्रकाशाच्या बाबतीत ‘डिस्पर्शन’ मात्र वेगळे. लोलकातून सात रंग क्रमाने वेगळे होतात त्याला आपण ‘अपस्करण’ म्हणतो, आणि क्रम आहे म्हणूनच ते ‘स्कॅटरिंग’ नव्हे.

नामे आणि जोडशब्द थोडक्यात सांगतो. ‘अ स्कॅटरिंग ऑफ पीपल’ म्हणजे विरळ बसलेली मोजकी माणसे. ‘स्कॅटर कुशन्स’ म्हणजे सोफ्यावर सहज टाकलेल्या लहान उशा. ‘स्कॅटर प्लॉट’ म्हणजे दोन राशींमधला संबंध ठिपक्यांनी दाखवणारा आलेख. ‘स्कॅटरब्रेन्ड’ म्हणजे धांदरट, चित्त थाऱ्यावर नसलेला. हा शब्द घरच्या माणसाबद्दल लाडाने वापरतात, कार्यालयीन पत्रात वापरू नये. ‘स्कॅटर्ड टु द फोर विंड्स’ या वाक्प्रचाराला मराठीत ‘दाही दिशांना पांगणे’ हे अगदी तोलाचे आहे. त्यांच्या चार आणि आपल्या दहा.

सरावासाठी मी विद्यार्थ्यांना एक दिवस घरात फक्त विखुरलेल्या वस्तू पाहायला सांगतो आणि प्रत्येकीसाठी एक वाक्य लिहायला लावतो. लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: वस्तू सुट्या आणि अनेक आहेत का, त्यांच्यात क्रम नाही ना, आणि मध्ये मोकळी जागा दिसते का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तरच ‘स्कॅटर’. भिंतीवर ओळीने लावलेल्या चपलांना ते लागू नाही, पण पाहुणे आल्यावर दाराबाहेर पडलेल्या चपलांना लागू आहे. डब्यातल्या शेंगदाण्यांना नाही, ओट्यावर सांडलेल्या शेंगदाण्यांना आहे. आणि तिथेही चुकून सांडणे सांगायचे तर ‘स्पिल’ आणि नंतर ते कसे पडले आहेत हे सांगायचे तर ‘स्कॅटर्ड’.

शेवटी मी त्यांना एक अवघड वाक्य देतो: ‘पहाटे अंगणात प्राजक्ताचा सडा पडला होता.’ बहुतेक जण ‘पारिजात फ्लॉवर्स वेअर स्कॅटर्ड इन द कोर्टयार्ड’ असे लिहितात. हे वाक्य शुद्ध आहे आणि मी त्याला पूर्ण गुण देतो. पण ‘सडा’ या शब्दात दाटी आहे. शेणाचा सडा घातला की जमीन जशी झाकली जाते तशी ती फुलांनी झाकली गेली आहे, पाय ठेवायला जागा उरलेली नाही. मोकळी जागा नाही म्हटल्यावर ‘स्कॅटर’ तिथे थोडे उणे पडते आणि ‘स्ट्रू’ या जुन्या क्रियापदाचे ‘स्ट्रून’ हे रूप पुढे येते, तेही जागेला कर्ता करून: ‘द कोर्टयार्ड वॉज स्ट्रून विथ पारिजात ब्लॉसम्स.’ दुपारपर्यंत त्यातली बरीचशी फुले देवपूजेला वेचली जातात, काही उन्हाने सुकतात, आणि मग अंगणाच्या कडेला जी दहा-बारा उरतात त्यांच्यासाठी ‘स्कॅटर्ड’ लिहावे.